फाट्यावरची मंडळी

हिंगोली जिल्ह्यातला वारंगा फाटा काही टुरिस्ट स्पॉट नाही. पण माणसं एका पंगतीला का बसतात आणि त्यासाठी काय किंमत मोजतात, हे समजून घ्यायचं असेल तर इथे गाडी थांबवाच. मराठी ख्रिस्ती माणसाच्या ‘मंडळी’चा शोध घेणारी ही एक रोड ट्रिप...

नकोशी गोष्ट आपण फाट्यावर मारतो. बॉसचा मेल, मावशीने आणलेलं स्थळ, सोसायटीची मीटिंग... सगळं फाट्यावर! कॉलेजच्या कट्ट्यावरचा हा वाक्प्रचार ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आला आणि तिथेच रुळला. पण मराठवाड्यात फिरायला लागलात की कळतं, फाटा ही फार महत्त्वाची जागा आहे. गाव आत असतं, फाटा रस्त्यावर. एसटी बऱ्याचदा गावात जातच नाही, फाट्यावर थांबते. दिवाळीला आलेला जावई इथे उतरतो. दवाखान्यातून सुटलेली आजी इथे उतरते. पुण्याला पहिल्या नोकरीवर निघालेला पोरगाही बॅग घेऊन इथेच उभा असतो. निरोप इथेच आणि स्वागतही इथेच.

वारंगा फाटा हा त्यातला मोठा. नांदेडहून निघालात, अर्धापूर मागे टाकलंत की चाळीसेक किलोमीटरवर तो लागतो. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. इथे रस्ता फुटतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला जाते. दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत थेट नागपूर गाठते. मागे वळलात तर नांदेड आणि तिथून देगलूरमार्गे हैदराबाद. थोडक्यात काय, तर राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि ३६१ यांची ही गाठ. आजूबाजूला कापूस, सोयाबीन आणि हळद. काढणीच्या दिवसांत उकडलेल्या हळदीचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत शिरतो.

आणि फाट्यावरचा फेमस आयटम म्हणजे खिचडी! ती खायला लोक मुद्दाम थांबतात. हॉटेलातल्या बाकड्यावर तुमच्या एका बाजूला हैदराबादला निघालेला ट्रक ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला औषधांची बॅग सांभाळणारा एमआर, समोर शाळेतले गुरुजी. ‘सरका जरा’ म्हटलं की जागा होते. शेजारचा कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे घास घेण्याआधी कोणी विचारत नाही. आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखात शेजारी बसून खाणं ही आयुष्य उलटंपालटं करणारी गोष्ट होती. मराठी ख्रिस्ती समाजाची सगळी गोष्ट सुरू होते ती नेमकी इथून, ताटापासून.

चर्च दिसत नाही, मंडळी दिसते

वांद्र्याला माउंट मेरी आहे, पुण्याच्या कॅम्पात उंच मनोऱ्यांची चर्चेस आहेत, वसईत तर गावागणिक देऊळ आहे. (हो, वसईतले कॅथलिक चर्चला सरळ ‘देऊळ’ म्हणतात!) वारंगा फाट्यावरून जाताना असं काही नजरेत भरत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या होती साधारण १० लाख ८० हजार. म्हणजे शंभरात एक जेमतेम. त्यातलेही बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे आणि नगरकडचे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात मूठभर घरं, तीही विखुरलेली. कॅथलिक चर्चने १९७७ मध्ये औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) हा स्वतंत्र धर्मप्रांत केला, तेव्हा त्याच्या हद्दीत अख्खा मराठवाडा आला. एवढा मोठा मुलूख, एवढी थोडी माणसं.

मग इथे चर्च म्हणजे काय? मराठी ख्रिस्ती माणसाने याचं उत्तर शब्दातच देऊन ठेवलंय. बायबलच्या मराठी भाषांतरात ‘चर्च’साठी शब्द आहे ‘मंडळी’. इमारत नव्हे, माणसं! आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ना, ‘काय मंडळी, जेवायचं का?’ किंवा जुनी माणसं बायकोबद्दल म्हणतात, ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’. तोच हा शब्द. करिंथची मंडळी, रोमची मंडळी, नगरची मंडळी. चार घरं एका खोलीत जमली तरी ती मंडळी. आणि इंग्रजीत ज्याला फेलोशिप म्हणतात, त्याला मराठी ख्रिस्ती म्हणतो ‘सहभागिता’. मूळ ग्रीक शब्द कोइनोनिया. त्याचा अर्थ नुसती मैत्री नाही. एकाच गोष्टीत सगळ्यांचा वाटा, असा काहीसा. भाकरीत वाटा, पैशात वाटा, दुखण्यात वाटा.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती लोकांचं जे वर्णन आहे, त्यात कुठेही भव्य इमारत नाही. ते एकमेकांच्या घरी जमतात, एकत्र जेवतात, ज्याला कमी त्याला देतात. मराठी बायबलमधला शब्दही खास आपला आहे. तिथे ब्रेड नाही, पावही नाही. तिथे आहे ‘भाकर’. जोंधळ्याच्या मुलखात हे भाषांतर किती चपखल बसलं असेल, विचार करा!

पंगत तुटते तेव्हा...

आता जरा मागे जाऊ. सन १८४३. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण मुंबईत बाप्तिस्मा घेतो. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय जेमतेम बारा, मिशनऱ्यांच्या घरी राहत असतो. वडील कोर्टात जातात. कोर्ट मुलाला वडिलांच्या ताब्यात देतं. प्रश्न सुटला? छे! खरा प्रश्न तिथून सुरू झाला. श्रीपतचा बाप्तिस्माही झाला नव्हता. पण तो ख्रिस्ती लोकांबरोबर राहिला, जेवला. आता त्याला जातीत परत घ्यायचं की नाही? १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, पोराला प्रायश्चित्त द्या आणि घ्या परत. त्यावरून सनातनी मंडळींनी मुंबईत रान उठवलं.

बारा वर्षांचं पोर, काही दिवसांचं जेवण आणि अख्खं शहर त्यावर भांडतंय. यावरून कळतं, की त्या काळात धर्म बदलणं म्हणजे मनातला विचार बदलणं एवढंच नव्हतं. पंगत बदलणं होतं. कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी ती गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेलं अख्खं गाव ‘बाटलं’. खरी-खोटी देव जाणे. पण ‘बाटणं’ हा शब्द खाण्यापिण्यालाच का चिकटला, ते यातून समजतं. बाप्तिस्मा झाला की घर गेलं, नातं गेलं, रोटी गेली, बेटी गेली. आजारी पडलास तर पाणी द्यायला कोणी नाही. मेलास तर खांदा द्यायला कोणी नाही.

तेव्हा ज्याला आपण आज सहज ‘ख्रिस्ती फेलोशिप’ म्हणतो, ती या माणसांसाठी रविवार सकाळची अ‍ॅक्टिव्हिटी नव्हती. ती नसती तर जगणंच अवघड होतं.

याचं सगळ्यात हृद्य उदाहरण नागपूरच्या रस्त्यावर भेटतं. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा रंगल्या, कवितेवर, देवावर. उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. प्रवासात भेटलेला एक अनोळखी माणूस! दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ला, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आणि इकडे लक्ष्मीबाईंचं आयुष्य दुभंगलं. नवरा जिवंत आहे, प्रेम आहे, पण त्याच्या ताटाला शिवायचं नाही. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर एकत्र आली तरी आधी सोवळं वेगळं, चूल वेगळी. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी हे सगळं अशा काही खुसखुशीत शैलीत लिहिलंय, की हसता हसता घशात आवंढा येतो. त्यात एक गोष्ट फार बोलकी आहे. त्यांचा जातीचा पीळ आधी सुटला, बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० मध्ये. म्हणजे त्यांच्या बाबतीत आधी पंगत आली, मग पंथ.

जालन्याजवळचं ‘बेथेल’

नारायण शेषाद्रींची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली. वारंगा फाट्यावरून हिंगोली गाठायची, मग औंढा, जिंतूर, मंठा करत पश्चिमेला जायचं, की जालना येतं. आज जालना म्हटलं की आपल्याला आठवतं स्टील आणि बियाणं. पण एकोणिसाव्या शतकात हा सगळा पट्टा निजामाच्या राज्यात होता. हिंगोली आणि जालना या दोन्ही ठिकाणी फौजेच्या छावण्या होत्या. या छावणीच्या गावात शेषाद्री १८६०च्या दशकात धर्मोपदेशक म्हणून आले. त्यांच्याकडे आलेल्यांत सगळ्यात जास्त होते मांग समाजातले लोक. गावाच्या बाहेर राहणारे, गावाच्या विहिरीवर ज्यांना मज्जाव होता असे.

आता सीन इमॅजिन करा. एक ब्राह्मण, ज्याच्या भावाच्या जेवणावरून मुंबई पेटली होती, तो मांगांच्या घरी जेवतोय. आणि नुसता जेवत नाही, त्यांच्यासाठी गाव वसवतोय! निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जालन्याजवळ जमीन दिली आणि १८७०च्या सुमारास तिथे ‘बेथेल’ नावाचं गाव उभं राहिलं. बेथेल म्हणजे हिब्रूत देवाचं घर. प्रार्थनामंदिर, शाळा, विहीर, शेती, हाताला काम. ज्यांना गावात जागा नव्हती त्यांनी स्वतःचं गाव केलं. १८७३ मध्ये हेच शेषाद्री न्यूयॉर्कला ख्रिस्ती लोकांच्या एका मोठ्या जागतिक परिषदेला जाऊन आले. त्या काळी जालन्याहून न्यूयॉर्क!

मला या गोष्टीत भावते ती विहीर. भक्ती मनात करता येते, प्रार्थना एकट्याने करता येते. विहीर एकट्याची असून चालत नाही. ज्या पाण्यावरून माणसं बाटत होती, तेच पाणी सगळ्यांचं केलं, की मग ‘सहभागिता’ हा शब्द पुस्तकातून बाहेर येतो.

आणि हा विचार या मातीला अगदी नवा होता असंही नाही हं. याच हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे परंपरेने नामदेवांचं जन्मगाव मानतात. औंढा नागनाथला त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले, असं सांगतात. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात आणणारे नामदेवच, ही कथा वारकऱ्यांत सगळ्यांना माहीत आहे. जिवंतपणी ज्याला देवळात घेतलं नाही, त्याच्यासाठी मित्र धावला. टिळक स्वतः सांगायचे, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. मराठी ख्रिस्ती लोकांनी ओव्या रचल्या, अभंग रचले, नगर भागात तर ख्रिस्ती कीर्तनं रंगायची. वाट नवी होती, पण पायातल्या वहाणा गावच्याच!

सतरंजीवरची उपासना

आज मराठवाड्यात अशी मंडळी भरते तरी कशी? गावोगावचं चित्र थोड्याफार फरकाने सारखंच असतं. एखाद्याचं घर, पुढची खोली. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत सतरंजी, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. ढोलकी असते, टाळ असतात, हल्ली कीबोर्डही असतो. प्रोटेस्टंट घर असेल तर ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातोहात फिरतं, ज्यात टिळकांची गीतं आजही गायली जातात. नव्या पद्धतीच्या प्रार्थनेत ‘प्रेज द लॉर्ड’ने सुरुवात होते आणि टाळ्यांवर गाणी होतात. पाळक एकच असतो आणि त्याच्या वाट्याला पाच-सहा गावं असतात. मोटरसायकलवर बायबल आणि डबा घेऊन तो फाट्याफाट्यावरून फिरतो.

पण खरी मजा प्रवचनात नाही. खरी मजा आहे ती ‘साक्ष’ आणि ‘प्रार्थनेच्या विनंत्या’ या भागात. एकेक जण उठतो आणि सांगतो. मुलाची पोलीस भरती आहे. बोअरला पाणी लागलं नाही. नवऱ्याने दारू सोडलीय, तीन महिने झाले, टिकू दे. सुनेचा रिपोर्ट यायचाय. हे सगळं सगळ्यांसमोर! आपण काउन्सेलरला तासाचे पैसे देऊन जे जेमतेम बोलतो, ते इथे चहाच्या आधी बोलून होतं. आणि ऐकणारे नुसते ऐकत नाहीत. विनंती ऐकली म्हणजे पुढच्या आठवड्यात विचारायची जबाबदारी आली. ‘रिपोर्ट आला का गं ताई?’ हा प्रश्न हमखास येणार. कोणी दवाखान्यात असेल तर डबा जातो. रात्रपाळीला सोबत बसायला माणूस जातो. मयत झालं तर दफनाला जागेपासून सुरुवात करावी लागते, कारण छोट्या गावात ख्रिस्ती दफनभूमी असतेच असं नाही. तेव्हा तहसीलला खेटे घालायला मंडळीच पुढे होते.

शेवटी चहा. कधी नाताळ, ईस्टर किंवा बारशाचं निमित्त असेल तर जेवण. त्याला नाव आहे ‘प्रीतिभोजन’. आणि महिन्यातून एखादा रविवार ‘प्रभुभोजन’. भाकरीचा एक तुकडा, द्राक्षरसाचा एक घोट. तेवढाच, पण सगळ्यांनी एकाच ताटातला. ज्या समाजात पाण्याचा माठ वेगळा होता, तिथे हा एक घोट किती मोठा आहे!

कडू घासही आहेतच

गुलाबी चित्र रंगवून निघून जाणं सोपं आहे. पण मंडळी माणसांची आहे, म्हणजे माणसांचे प्रॉब्लेम आलेच.

पहिला प्रॉब्लेम दोन हजार वर्षं जुना आहे. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक आधी येऊन पोटभर जेवायचे आणि मजूर येईपर्यंत भांडी रिकामी. पौलाने त्यांना पत्रातून चांगलंच झापलं. अंत्युखिया गावात तर खुद्द पेत्र आधी परजातीच्या लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून ‘आपली’ माणसं आल्यावर हळूच ताट घेऊन बाजूला सरकला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. म्हणजे पहिल्या पिढीतच पंगतीवरून भांडण! आपल्याकडे तर जात. बाप्तिस्मा झाला तरी सोयरीक जमवताना पूर्वीची जात विचारली जाते. मूळचे अमुक आणि मूळचे तमुक असे गट मंडळीत पडतात, निवडणुकीत दिसतात, कधी बाकांवरही दिसतात. ज्या गोष्टीतून सुटायला आजोबा इथे आले, तीच नातवाच्या लग्नात दारात उभी. एका ताटात खाणं जमलं, एका मांडवात बसणं अजून जड जातं.

दुसरा प्रॉब्लेम कागदाचा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मात्र तो आजही मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. हा प्रश्न दिल्लीचा वाटेल, पण तो उतरतो गावातल्या घरात. मुलाच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरताना बापाला ठरवावं लागतं, की आपण मंडळीत आहोत हे कुठे सांगायचं आणि कुठे नाही. रविवारी ज्यांच्याबरोबर जेवलो, त्यांच्याबद्दल सोमवारी कचेरीत गप्प बसायचं. एका जेवणाची ही किंमत १८४३ मध्ये होती, वेगळ्या रूपात आजही आहे.

तिसरा प्रॉब्लेम पंथांचा. मिशन वेगळं तर चर्च वेगळं. स्कॉटिश, अमेरिकन, अँग्लिकन, मेथडिस्ट... भांडणं युरोपातली, वाटण्या आपल्या गावात! पण यावर उत्तर शोधायचा एक मोठा प्रयत्न आपल्याच रस्त्यावर झाला. वारंगा फाट्यावरून सरळ जाणारा महामार्ग ३६१ नागपूरला पोचतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आलं. बिशप मानणारे आणि न मानणारे, लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच देणारे, सगळे एका छताखाली. भांडणं संपली का? अजिबात नाही. मालमत्तेचे वाद कोर्टात आहेतच. पण अशी माणसं एका टेबलावर बसून प्रभुभोजन घेऊ लागली, हेही खरं.

टिळक तर याच्याही पुढे गेले होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ख्रिस्त आवडतो ते सगळे भाऊ-बहीण, अशी ती कल्पना. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण ती गोष्ट आजही वाचणाऱ्याला चटका लावते, कारण दार उघडं ठेवायची हिंमत त्यात होती.

दाराची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगते. जानेवारी २०२०, उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. पुन्हा मराठवाडाच! ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे धर्मगुरू, ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक. निवडीला काहींनी विरोध केला. पण फादर आले, मराठीत बोलले आणि सभामंडपाने त्यांना आपलं म्हटलं. जुलै २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा हळहळलेल्या वाचकांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. पंगत कधी कधी अशीही वाढते.

आपली मंडळी कुठे आहे?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण याचा आमच्याशी काय संबंध? आम्ही ना ख्रिस्ती, ना मराठवाड्याचे. आम्ही आपले हिंजवडीत टू बीएचकेमध्ये चौघं राहतो, एकमेकांचं तोंड फक्त वायफायचं बिल भरताना पाहतो!

तर संबंध असा. मार्च २०२०च्या लॉकडाउनमध्ये सगळी देवळं, मशिदी, चर्च बंद झाली. उपासना यूट्यूबवर आली, प्रार्थना झूमवर आली. सोय झाली, यात शंका नाही. दुबईत बसलेला मुलगा आणि जालन्यातली आई एकाच वेळी एकच गाणं म्हणू लागली. पण लॉकडाउन उठल्यावर माणसं पुन्हा सतरंजीवर आली. कारण लिंकवर गाणं येतं, प्रवचन येतं, डबा येत नाही. आणि शेजारी बसलेल्याच्या डोळ्यातलं पाणी स्क्रीनवर दिसत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर यांनी हिटलरच्या काळात तरुण धर्मोपदेशकांना एकत्र ठेवून शिकवलं. गेस्टापोने १९३७ मध्ये ते विद्यालय बंद पाडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या सहजीवनावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं साधारण असं, की दुसरा माणूस प्रत्यक्ष समोर असणं ही गृहीत धरायची गोष्ट नाही, ती भेट आहे. आणि मनात आदर्श मंडळीचं स्वप्न घेऊन येणारा माणूस खऱ्या मंडळीचं नुकसानच करतो.

हे दुसरं वाक्य आपल्या पिढीने फ्रीजवर चिकटवून ठेवावं असं आहे. आपण मित्र निवडतो. ग्रुप आवडला नाही की एक्झिट मारतो. आपल्यासारखेच सिनेमे बघणारे, आपल्याइतकाच पगार असणारे, आपल्यासारखंच बोलणारे. त्यात मजा आहे, पण त्याला मंडळी म्हणत नाहीत. मंडळी निवडून मिळत नाही. तिथे सुरात न गाणारे काका असतात, प्रत्येक वेळी तेच दुखणं सांगणारी मावशी असते, आपल्याला अजिबात न पटणारा एखादा असतोच. शेषाद्रींनी बेथेलला आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या स्वयंपाकघरात जे केलं, ते याहून कितीतरी अवघड होतं. ज्यांच्या शेजारी बसायचं नाही असं आयुष्यभर शिकवलं गेलं, त्यांच्याच शेजारी त्या बसल्या. सहभागितेची खरी किंमत तिथे ठरते. आवडत्यांबरोबर जेवायला धर्म लागत नाही, हॉटेलही चालतं!

मग ती मंडळी चर्चमध्ये सापडेल, दिंडीत सापडेल, विहारात सापडेल, नाहीतर गल्लीतल्या गणेश मंडळात. (शब्द बघा, पुन्हा मंडळच!) परीक्षा एकच. तुमचा रिपोर्ट आला का, हे विचारणारं कोणी आहे का? आणि तुम्ही कोणाला विचारताय का?

बॉक्स : कसं जाल, काय बघाल?

वारंगा फाट्याला रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन नांदेड. तिथून हिंगोलीकडे किंवा हदगाव-उमरखेडकडे जाणारी एसटी फाट्यावरून जाते. स्वतःची गाडी असेल तर नांदेडहून साधारण तासाचा रस्ता. हिंगोलीला उतरायचं असेल तर पूर्णा-अकोला मार्गावर ‘हिंगोली डेक्कन’ नावाचं स्टेशन आहे. नावातच निजामाच्या राज्याची आठवण!

सकाळी खिचडी फाट्यावर. मग हिंगोलीमार्गे नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ एका दिवसात आरामात होतात. औंढ्याचं हेमाडपंती देऊळ नीट बघा, घाई करू नका. वेळ असेल तर जिंतूर-मंठामार्गे जालना. हळदीची काढणी बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्च, हिरवळ हवी असेल तर ऑगस्टनंतर. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याचं ऊन झेपणार असेल तरच.

गाडीत वाचायला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. आणि वाटेत एखाद्या गावात घरगुती उपासनेचं आमंत्रण मिळालंच, तर चपला बाहेर काढा, मोबाइल सायलेंट करा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि शेवटी चहा आला की ‘नको, नको’ अजिबात करायचं नाही. आपल्याकडे या एका घोटासाठी माणसांनी फार मोठी किंमत मोजलीय!